मुलांना होतो का गं?

पांडवलेणीच्या पायऱ्या चढून वर पोचलो तेव्हा माझ्या छातीत शिट्टी वाजायला लागली होती. आमची ती दुसरी भेट. पहिल्या भेटीत घरचे सोबत होते, पोहे होते, पगार विचारून झाला होता. या वेळी दोघंच होतो. मी त्याच्याकडे पाठ केली, पर्समधून पंप काढला आणि दोन पफ घेतले. वळले तर तो बघत होता.

"दमा?"

"हो."

"कधीपासून?"

"सातवीपासून."

एवढंच. खाली उतरून चहा प्यायलो. तो छान बोलला, मीही बोलले. रात्री साडेअकराला मेसेज आला : "राग मानू नकोस. तुझ्या दम्याचं मला काहीच नाही. पण मुलांना होतो का गं?"

राग आलाच. पण रागापेक्षा जास्त लाज वाटली, कारण मला उत्तर माहीत नव्हतं. सोळा वर्षं पंप वापरतेय आणि हा प्रश्न मी कधी कुणाला विचारलाच नव्हता. विचारला असता तर तो बाबांपर्यंत गेला असता, आणि बाबांपर्यंत हा विषय न्यायचा नाही हे आमच्या घरात न सांगता ठरलेलं होतं.

शनिवारी साक्रीमार्गे एसटी पकडून नंदुरबारला गेले. जानेवारी होता, म्हणजे मिरचीचे दिवस. आमच्या गावाला तुम्ही कधी या दिवसांत आला असाल तर शहराबाहेरच्या पथाऱ्या पाहिल्या असतील. ओली लाल मिरची मैदानभर वाळत घातलेली, आणि तिच्या कडेला तोंडाला फडकं बांधून देठ खुडत बसलेल्या बायका. फोटो फार सुंदर येतो. वास फोटोत येत नाही.

माझी आजी पंचवीसेक वर्षं देठ खुडायला जायची. बाबा एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितात, तेही पथारीवरच. आजी रात्री उठून बसायची, भिंतीला पाठ लावून, आणि खोकत राहायची. कुणी दमा म्हटलं की तिला फार झोंबायचं. "माले कोठे दमा शे? मिरचीना ठसका शे तो." ती गेली तेव्हा मी नववीत होते. तिची कधी तपासणी झाली नाही.

बाबांचा पंप हिशेबाच्या वह्यांखाली ड्रॉवरमध्ये असतो. मी दहा वर्षांची असताना तो मला सापडला होता आणि मला वाटलं होतं की ते सेंट आहे. बाबांनी हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "कोणाला सांगू नको." दोन वर्षांनी माझ्या हातात तसाच पंप आला तेव्हा मी तो आपोआप कंपासपेटीत लपवला. मला कुणी शिकवलं नव्हतं.

या वेळी मी त्यांना सरळ विचारलं, "बाबा, मला तुमच्याकडून आलाय का?"

ते खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझी आई पहिल्या दिवसापासून हेच म्हणते."

तेव्हा मला कळलं की सोळा वर्षं हा माणूस एक आरोप अंगावर घेऊन बसलाय. दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन नाशिकला आले, माझ्या छातीच्या डॉक्टरांकडे. बाबांनी नळीत जोर लावून फुंकलं, मग पंप घेतला, पंधरा मिनिटांनी परत फुंकलं. आकडा चांगलाच वर गेला. डॉक्टर म्हणाले, आवळलेली श्वासनळी औषधाने अशी मोकळी होते, तेव्हा दम्याचं निदान पक्कं होतं.

"आणि आजी?" मी विचारलं.

आजीबद्दल ते काही ठाम सांगू शकले नाहीत, आणि ते का, हे समजून घेण्यात माझी पुढची बरीच रात्र गेली. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन या द्रव्यामुळे असतो. आपल्या मज्जातंतूंवर त्याला ओळखणारं एक ग्राहक प्रथिन असतं. ते शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल मिळालं. हे प्रथिन जिभेसारखंच श्वासनळीतल्या मज्जातंतूंवरही असतं. म्हणून मिरचीची धूळ उडाली की पथारीवरचा प्रत्येक माणूस खोकतो. दमा असलेलाही आणि नसलेलाही. म्हणजे आजी कदाचित खरंच सांगत होती. किंवा तिला दमा होता आणि मिरची त्याला रोज डिवचत होती. ज्या गावात सगळेच खोकतात तिथे 'आमच्या घराण्यात दमा आहे' या वाक्याचा नेमका अर्थ लावणं अवघड असतं.

मुलांचा प्रश्न मात्र डॉक्टरांनी टाळला नाही. आई-वडिलांपैकी एकाला दमा असेल तर मुलाला होण्याची शक्यता ढोबळमानाने चारात एक, दोघांना असेल तर जवळपास दोनात एक. वडिलांपेक्षा आईच्या दम्याचा परिणाम थोडा जास्त दिसतो. हे शेवटचं वाक्य मला आवडलं नाही, पण खोटं नाही म्हणून इथे लिहितेय.

चारात एक. हा आकडा मी आधी ऐकला होता, माझ्या अक्कलकुव्याच्या मैत्रिणीकडून. आमच्या जिल्ह्यातल्या आदिवासी समाजात सिकलसेल बराच आढळतो. ती वाहक आहे. तिचं लग्न ठरताना मुलाचीही रक्ततपासणी झाली होती, कारण दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता बरोब्बर चारात एक असते. एकच जनुक, त्यातला एक बदल, आणि हिशेब सरळ. तो मुलगा वाहक नव्हता. लग्न झालं.

मला वाटलं होतं, दम्याचंही असंच असेल. रक्त द्यायचं, रिपोर्ट घ्यायचा, त्याला फॉरवर्ड करायचा. पण दम्याचं चारात एक वेगळं आहे. ते अनेक कुटुंबं मोजून काढलेली सरासरी आहे. दम्याशी संबंध असलेल्या जागा आपल्या जनुकसंचात शंभराहून जास्त सापडल्यात. २००७ साली सतराव्या गुणसूत्रावर सापडलेली जागा त्यातली प्रसिद्ध. प्रत्येकीचा वाटा छोटासा. एकसारख्या जुळ्या भावंडांत सगळी जनुकं सारखी असूनही एकाला दमा आणि दुसऱ्याला नाही, असं होतं. आणि घरात कुणालाच नसताना होणारी मुलंही आहेतच.

मग उरलेलं काय ठरवतं? अमेरिकेत आमिश आणि हटराइट असे दोन शेतकरी समाज आहेत. दोघांचे पूर्वज मध्य युरोपातले, जनुकं बरीच सारखी, राहणीही साधी. तरी आमिश मुलांमध्ये दमा सुमारे ५ टक्के आणि हटराइट मुलांमध्ये सुमारे २१ टक्के. २०१६ साली यावर एक अभ्यास छापून आला. आमिश लोक घोडे वापरतात, त्यांचा गोठा घराला लागून असतो आणि पोरं लहानपणापासून त्यात खेळतात. हटराइटांची शेती यंत्रांची, गोठे लांब. आमिश घरातली धूळ उंदरांना हुंगवली तर त्यांना दम्यापासून संरक्षण मिळालं.

हे वाचून मी हसले. आमच्याकडे धूळ कमी आहे का? पण धुळीधुळीत फरक असतो. गोठ्याच्या धुळीतले जंतू बाळाच्या प्रतिकारशक्तीला वेळेत काहीतरी शिकवतात. चुलीचा आणि विडीचा धूर, मिरचीची पूड, हे मात्र श्वासनळीला फक्त त्रासच देतात. आजीने माझ्या बाबांना जनुकं दिली असतील-नसतील, पण चुलीच्या धुराचं घर आणि पथारीवरचं बालपण नक्की दिलं. बाबांनी मला त्यांची जनुकं दिली आणि सोबत कपड्यांना चिकटून आलेली पथारीही. यातलं रक्तातलं किती आणि गावातलं किती, हे वेगळं काढता येत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी काढता येते. लपवणं. ते कुठल्याच गुणसूत्रावर नाही.

मी त्याला लांबलचक मेसेज लिहिला. आकडे लिहिले, आईचा वाटा जास्त हेही लिहिलं. गरोदरपणातही पंप सुरूच ठेवायचा असतो, कारण औषधापेक्षा आटोक्यात नसलेला दमा बाळाला जास्त धोक्याचा, हेही. शेवटी विचारलं, "तुमच्याकडे कुणाला सकाळी उठल्यावर शिंका, त्वचेला खाज, असं काही?" कारण ॲलर्जीचा कल कुटुंबातून येतो तेव्हा तो एकाच्या नाकात दिसतो, दुसऱ्याच्या कातडीवर आणि तिसऱ्याच्या छातीत.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "मला लहानपणी इसब होता. कोपराच्या आत. आई म्हणाली होती सांगू नकोस."

परवाच्या रविवारी त्याच्या घरचे नंदुरबारला आले होते. आईने आत फोडणी घातली आणि बाबांना खोकला सुटला. एरवी ते उठून मागच्या दारी गेले असते. या वेळी त्यांनी खिशातून पंप काढला, सगळ्यांसमोर दोन पफ घेतले, आणि तो चहाच्या ट्रेशेजारी ठेवून म्हणाले, "दमा आहे मला. पोरीलाही आहे. औषध वेळेवर घेतलं की काही अडत नाही."

त्याच्या आईने पंपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग चहात साखर कमी आहे म्हणाली.

त्यांचा निरोप अजून आलेला नाही. बाबांचा पंप मात्र त्या दिवसापासून ड्रॉवरमध्ये परत गेलेला नाही. टीव्हीजवळ, चष्म्याशेजारी असतो.