कहाणी संशयाची, स्वर खरा

सिएना पियानोचे लाकूड सॉलोमन राजाच्या मंदिरातले, अशी आख्यायिका आहे. तिला पुरावा नाही. दुसऱ्या महायुद्धात तो इजिप्तच्या वाळवंटात प्लास्टरने माखलेला सापडला, असे सांगतात. तेल अवीवचे पियानो-कारागीर आव्नेर कार्मी यांनी तो पुन्हा बोलता केला. १९५० च्या दशकातील त्याची ध्वनिमुद्रणे मात्र आजही ऐकता येतात. स्वर हार्पसिकॉर्डची आठवण करून देणारा.

माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे. तिच्या आठवणींत साल चुकते, माणसांची अदलाबदल होते. आवाजातली माया तीच असते. चूक दाखविली की ती भेदरते, म्हणून मी नुसती ऐकते. आपल्या घरी असे कुणी असेल, तर आपणही तपशील सोडून द्यावा, जवळ बसावे आणि ऐकावे.