हरणी

करवानी कुत्रं मुळात माळरानावरचं. जत, सांगोला, मंगळवेढा या कोरड्या पट्ट्यात ते पिढ्यान्‌पिढ्या दारात वाढतंय. सीमेपलीकडे त्याला मुधोळ म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याची जोडी पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली आणि या कुत्र्याला खानदान चिकटलं. २००५ साली ते टपाल तिकिटावरही आलं. आमच्या हरणीला या थोरवीचं सोयरसुतक नव्हतं. लांबवर काही हललं की सुटायचं, एवढंच तिला कळे.

तिला आबांनी निवडलं. पिल्लाआधी त्याची आई बघायची, हा त्यांचा शिरस्ता. "आई उगाच अंगावर येत असंल तर पोरीकडनं शहाणपणाची आशा धरू नगंस," असं मला बजावून ते अर्धा दिवस पिल्लांच्या मालकाच्या वस्तीवर बसून राहिले. कोपऱ्यात दडणारं पिल्लू नको आणि सगळ्यांना तुडवत पुढं येणारंही नको. हरणी जरा लांब उभी राहून आमच्याकडे बघत होती. आबा म्हणाले, "ही."

वर्षाची झाली आणि तिचं पळणं बघायला शेजारचे आमच्या वस्तीवर येऊ लागले. ज्वारी निघालेल्या रानात तिला सोडलं की दोन-चार ढांगांत वेग पकडायची. चारही पाय पोटाखाली गोळा होत आणि पुढच्याच क्षणी अंग धनुष्यासारखं ताणलं जाई. ही जात नाकापेक्षा डोळ्यावर चालते. एकदा नजर बसली की हाक कानात शिरत नाही. म्हणून विहिरीच्या आणि रस्त्याच्या बाजूला पट्टा कधी सुटायचा नाही. सशामागं सोडायची मुभा तर नव्हतीच. शिकारीला १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि आबा कायदा मानणारे.

एकदा काटेरी तारेत तिची मांडी फाटली. कातडी पातळ, त्यामुळं जखम वीतभर. डॉक्टरांनी भूल देताना फार जपलं. अशा कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते, काही भुलीची औषधं लवकर उतरत नाहीत, हे आम्हाला तेव्हा समजलं.

एवढी पळणारी कुत्री घरात मात्र आळशी. सकाळी रान तुडवून आली की दिवसभर पोत्यावर पसरलेली. ताकात कुस्करलेली भाकरी, अंडं, कधी मटणाचा रस्सा. बरगड्या दिसायच्या, म्हणून पाहुणे हमखास विचारत, "उपाशी ठेवता व्हय?" शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हीच तिची तब्येत, हे सांगून आई कंटाळली. त्याच पाहुण्यांनी हात लावलेला हरणीला खपत नसे. चावायची नाही, उठून दुसरीकडं जायची. पावसाळ्यात गोचीड काढून घ्यायला मात्र ती आपण होऊन आईपुढं आडवी व्हायची.

तिला पिल्लं झाली तेव्हा पुण्या-मुंबईकडून मागण्या आल्या. फोटोत रुबाबदार दिसतं ना! आबा एकच विचारत, "पळवणार कुठं?" कुणी गच्ची सांगितली, कुणी पार्किंग. एकाही फ्लॅटवाल्याला त्यांनी पिल्लू दिलं नाही आणि माझ्या मते ते बरोबर होतं. रोज सकाळ-संध्याकाळ मोकळं, कुंपण घातलेलं रान देता येत नसेल, तर करवानी घेऊ नका. गल्लीतलं एखादं गावठी पिल्लू घरी न्या, त्याला लस टोचून घ्या. तुमचं आणि त्याचं दोघांचंही बरं चालेल.