हमीचा कागद

जुना फोन ऑनलाइन विकावा असे आम्ही ठरवले आणि नेमका तो चार्ज होईना. हमीचे अठरा दिवस शिल्लक होते. बेळगावातील सेवा केंद्राने मदरबोर्ड विनामूल्य बदलून दिला. घरी येऊन *#०६# दाबले, तर आयएमईआय क्रमांक नवा. बिलावर मात्र जुनाच!

"बाबा, दुरुस्तीचं लिहू नका, किंमत पडेल," मुलगा म्हणाला. क्षणभर आम्हीही डगमगलो.

माल विक्री अधिनियम, १९३० चे कलम १२ 'शर्त' आणि 'हमी' यांत भेद करते. शर्तभंग झाल्यास ग्राहक माल नाकारू शकतो. हमीभंगासाठी केवळ नुकसानभरपाई मागू शकतो. आपल्या बोलीत मात्र हमी म्हणजे दिलेला शब्द. न जुळणाऱ्या बिलामुळे उद्या त्या खरेदीदारावरच चोरीचा संशय आला असता.

म्हणून जाहिरातीत लिहिले : 'मदरबोर्ड हमीत बदललेला आहे.' दुरुस्तीचा कागद इंग्रजीत होता. त्याच्या पाठीमागे आशय मराठीत लिहून आम्ही सही केली. निपाणीच्या तरुणाने पाचशे रुपये कमी दिले; पण मागची बाजू दोनदा वाचली आणि कागद जपून खिशात ठेवला.