गाडीचा दम

माणूस पुष्कळ गोष्टी कोणाला न सांगता वाढवीत असतो. गवळी दुधात पाणी वाढवतो. लग्नाच्या मुलाचा बाप मुलाचा पगार वाढवून सांगतो. आम्ही शिक्षक मंडळीही काठावर अडखळलेल्या एखाद्या गरीब पोराचा एक गुण हळूच वाढवतो आणि तेवढे पुण्य पदरात पडले म्हणून समाधान मानतो. पण मोटारगाडीची ताकदसुद्धा अशी गुपचूप वाढवता येते, हे मला माझ्या भाच्याने शिकवले.

हा भाचा वाशीमला भाड्याची गाडी चालवतो. गाडी छोटी, डिझेलवर चालणारी, २०१३ सालची. लग्नसराईत तिच्यावर झेंडूच्या माळा चढतात. एरवी ती दवाखान्याच्या वाऱ्या करते. डायलिसिससाठी अकोल्याला जाणारी दोन-तीन माणसे तिच्यावर अवलंबून आहेत. अकोला सखल भागात आणि आपले वाशीम पठारावर. म्हणून परतीच्या वाटेवर पातूर सुटले की चढ लागतो. थकलेल्या माणसाला लवकर घर गाठायचे असते आणि नेमका तिथेच गाडीला धाप लागते.

"मामा, गाडीत दमच नाही राह्यला," तो एकदा म्हणाला. "चार माणसं बसले का चढाले रडते. पेशंट मांग कन्हते, अन् म्या नुसता पाय दाबून बसतो."

आता ही काही हौशी पोराची तक्रार नव्हती. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला. शेलूबाजारजवळ त्यावर चढले की ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. अशा रस्त्यांच्या काळात चढावर रडणाऱ्या गाडीचे गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाणारच. त्याचे पोट या गाडीवर, आणि बहिणीचे घर त्याच्यावर.

मॅट्रिकच्या पुस्तकात जेवढे विज्ञान होते तेवढ्याच भांडवलावर मी हे प्रकरण समजून घेतले. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली जे इंजिन यशस्वी करून दाखवले त्याचे मर्म मोठे साधे आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते. इथे ठिणगी नाही. हवाच इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी, आणि मग तिच्यात तेलाचा फवारा सोडायचा. जितके तेल जास्त तितका जोर जास्त. विहिरीवरच्या जुन्या किर्लोस्कर इंजिनाचा ठोका ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा जोर वाढवायचा म्हणजे तेल वाढवायचे. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्याच्या टाटांची इंडिका बाजारात आली. त्या काळच्या गाड्यांत ही करामत मिस्त्रीच्या हातात असे. तेलाच्या पंपाचा स्क्रू अर्धा आटा फिरवला की गाडी अंगात आल्यासारखी धावू लागे. पुढे गाडीच्या पोटात संगणक आला. किती तेल, किती दाबाने, कोणत्या क्षणी सोडायचे हे तो ठरवू लागला. मिस्त्रीच्या स्क्रूची जागा मग एका डबीने घेतली.

ही डबी काडेपेटीहून थोडी मोठी असते. तेलाचा दाब मोजणारा एक डोळा इंजिनावर असतो. त्याच्या आणि संगणकाच्या मध्ये ती बसवतात. तिचे काम एकच: खोटी साक्ष देणे. दाब पुरेसा असला तरी ती सांगते, "कमी पडतो आहे हो!" संगणक बिचारा विश्वासू कारकुनासारखा दाब वाढवतो आणि इंजिनाला तेल जास्त मिळते. सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी डबी काढून ठेवायची. मागे खूण राहत नाही, असे विकणारा सांगतो.

ती विकणाऱ्याने भाच्याला आणखी एक गोष्ट सांगितली. हेच १२४८ सीसीचे इंजिन एका गाडीत ७५ घोड्यांचे आणि दुसरीत ९० घोड्यांचे म्हणून विकले गेले. तेव्हा १५ घोडे कंपनीने तबेल्यात बांधून ठेवले आहेत, आपण फक्त दावे सोडायचे! हे अर्धे खरे होते. फियाटने रचलेले हे इंजिन पुण्याजवळ रांजणगावलाही तयार होत असे; मारुती, टाटा आणि फियाट या तिघांच्याही गाड्यांत ते होते आणि त्याचे असे दोन प्रकार होते हेही खरे. पण ९० घोड्यांच्या प्रकारात हवा दाबून भरणारा टर्बो वेगळ्या जातीचा, हलत्या पात्यांचा होता. म्हणजे तिथे जास्त तेलाबरोबर जास्त हवेचीही सोय होती. डबी तेल वाढवते. हवा कोठून आणणार? हवेवाचून उरलेले तेल अर्धवट जळते आणि काळा धूर होऊन मागून बाहेर पडते.

उरलेल्या ताकदीचेही तसेच. कंपनी इंजिनाला थोडे राखूनच चालवते हे खरे. पण ती कृपणता नव्हे. तीच गाडी लडाखच्या थंडीत जायची असते आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, धुळीने भरलेल्या फिल्टरनिशी, ऑइल बदलायला दोन महिने उशीर करणाऱ्या मालकाच्या हाताखाली चालायची असते. ही राखीव ताकद म्हणजे कणगीतले बियाणे आहे. एखाद्या वर्षी ते दळून खाल्ले तर त्या वर्षी भाकरी मोठी होते खरी. मृग लागल्यावर काय पेरायचे?

पण मी उपदेश करण्याआधीच डबी बसली होती, आठ दिवसांच्या बोलीवर. खरे सांगतो, मी त्या गाडीतून पातूरचा चढ चढलो आणि मलाही मजा वाटली. पाय टेकवावा आणि गाडीने उडी घ्यावी! भाच्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्याच्या दहावीच्या निकालानंतर पाहिला नव्हता. मागे मात्र काळ्या धुराचा पट्टा उमटत होता. गुपित असे की गाडीच्या मागून येणाऱ्या प्रत्येकाला ते दिसत होते.

असली खोटी साक्ष लहानांनीच द्यावी असे नाही. २०१५ साली अमेरिकेत उघडकीस आले की फोक्सवॅगनसारख्या बड्या कंपनीने डिझेल गाड्यांच्या संगणकाला परीक्षेपुरते साळसूद वागायला शिकवले होते. परीक्षा संपली की धूर पुन्हा विषारी. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. परीक्षकाला फसवण्याची कला आमच्या शाळेबाहेरही इतकी फोफावली आहे हे वाचून मी थक्क झालो. आपल्याकडेही कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकाने करू नये. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही ठेवले आहे. भाड्याच्या गाडीत परकी माणसे बसतात. उद्या काही झाले आणि विमा कंपनीने हात वर केले, तर त्या माणसांना कोणी विचारायचे?

हे सारे मी भाच्यापुढे मांडले. तो "हो मामा, हो मामा" म्हणत राहिला. वर्गातली पोरे असेच म्हणतात. त्याचा अर्थ मला ठाऊक आहे.

काम झाले ते भाऊबीजेला. ओवाळून झाल्यावर बहीण चिवड्याची ताटली घेऊन बसली आणि तिने सहज विचारले, "काय रे, एवढी चांगली वस्तू आहे तं सर्व्हिसिंगच्या टायमाले काढून काऊन ठेवा लागते?"

बस्स, एवढेच. कलम ५२ ज्याला हलवू शकले नाही तो भाचा चिवडा हातात धरून गप्प झाला. ज्या गोष्टीचे उत्तर आईला देता येत नाही ती गाडीत ठेवून परक्यांची आईबापे नेण्याचा धीर त्याला झाला नाही. डबी बोलीप्रमाणे परत गेली.

पण दम नसल्याचा प्रश्न तर उरलाच होता. दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने बॉनेट उघडले, भाच्याला गाडी रेस करायला सांगितले आणि कान देऊन ऐकले. कुठेतरी फुस्स असा बारीक आवाज येत होता. टर्बोकडून इंजिनाकडे दाबलेली हवा नेणारी रबरी नळी खालच्या बाजूने चिरली होती. हवा वाटेतच सुटत होती. एअर फिल्टरमध्ये तर अर्ध्या जिल्ह्याची माती होती. नळी बदलली, फिल्टर बदलला, चाकांत हवा भरली, टपावरचे बिनकामाचे लोखंडी कॅरियर उतरवले. गाडीचे ७५ घोडे पूर्ण संख्येने कामावर हजर झाले.

तेव्हापासून मला वर्गातला तिसऱ्या बाकावरचा मुलगा नव्याने दिसू लागला आहे. त्याच्या वडिलांना त्याला शिकवणी लावायची होती, शक्तीचे टॉनिक पाजायचे होते. मी म्हटले, आधी तो सकाळी काय खाऊन येतो आणि फळा त्याला नीट दिसतो का, एवढे पाहू या. त्याला चष्मा लागला. आता तो बरा वाचतो; पहिला येत नाही, येईल असेही नाही.

भाचाही पातूरचा चढ आता तिसऱ्या गिअरवर, धूर न सोडता चढतो. मोठ्या गाड्या अजूनही मागून हॉर्न देत येतात. तो डावीकडे सरकून त्यांना वाट देतो आणि मागे बसलेल्या माणसाला विचारतो, "पाणी पाह्यजे का, काका?"