पहिल्या वर्षाचा जमाखर्च

अमेरिकेंत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात, त्यांत पायांपेक्षां हातांचेंच काम अधिक. अंडाकृति चेंडू काखेंत धरून प्रतिपक्षाच्या हद्दींत धांवावयाचें, आणि वाटेंत आडवा येईल त्याच्याशीं अंगाला अंग भिडवावयाचें, असा तो धसमुसळा प्रकार आहे. तो मला फारसा रुचतो असें नाहीं. परंतु त्यांतील एका नव्या संघाच्या आरंभींच्या दिवसांची हकीकत मात्र मनांतून जात नाहीं.

फ्लॉरिडा प्रांतांतील टँपा शहराचा ‘टँपा बे बकनीअर्स’ हा धंदेवाईक संघ १९७६ सालीं प्रथम मैदानांत उतरला. वर्षाचे सामने चौदा, चौदाही हरला! पहिल्या दोहोंत एकही गुण पदरीं पडला नाहीं. तिसऱ्यांत चेंडू तीन वेळां लाथेनें खांबांमधून उडवून नऊ गुण मिळाले. प्रतिपक्षाच्या हद्दींत चेंडू नेण्याचा मान चौथ्या सामन्यांत लाभला, तोहि चढाई करणाऱ्यांस नव्हे, तर बचावाच्या फळींतील डॅनी रीस यास. निसटलेला चेंडू उचलून तो ४४ यार्ड पळत गेला. त्याच वर्षीं जन्मलेल्या सिॲटलच्या संघानेंहि त्यांस १३-१० असें हरविलें. वर्षअखेर मिळविलेले गुण १२५, दिलेले ४१२.

यांत गड्यांचा दोष किती? रीतच अशी कीं, जुन्या संघांनीं आपले उत्तम गडी राखून ठेवावे आणि उरल्यासुरल्यांतून नवागतांनीं आपली फौज बांधावी. भाऊबंदकीच्या वांटणींत धाकट्या पातीस फुटकीं भांडीं आणि खडकाळ जमीन यावी, त्यांतलाच हा प्रकार. शिक्षक जॉन मॅके कांहीं सामान्य नव्हता. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघास त्यानें चार वेळां राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलें होतें. तथापि त्याला खाडींत फेका, अशा अर्थाच्या चिठ्ठ्या लोक मोटारींवर चिकटवूं लागले. त्याचा मुलगाहि याच संघांत खेळत होता. रात्रीं बापलेक एकत्र जेवावयास बसले तर काय बोलत असतील, असें उगीच मनांत येतें.

नव्या संघास एक सवलत मात्र होती. विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांत पहिली निवड त्याची. त्यानें ली रॉय सेल्मन यास निवडलें, आणि पुढच्या फेरींत त्याचा अकरा महिन्यांनीं थोरला भाऊ ड्यूई यासहि घेतलें. ओक्लाहोमांतील एका शेतकरी कुटुंबाच्या नऊ मुलांपैकीं हे दोघे. ली रॉय सर्वांत धाकटा. विद्यापीठाच्या संघांत १९७३ सालीं त्यांचा वडील भाऊ ल्यूशियस यासह तिघेहि एकाच फळींत उभे होते. जिंकण्याची संवय लागलेल्या या दोघांस आतां दर आठवड्यास हरावें लागलें.

पगार घेऊन हरणाऱ्यांचें कौतुक कसलें, असें कोणी म्हणेल. म्हणोत बापडे, पण हजारों लोकांच्या देखत पुनः पुनः फजिती होत असतां पुढच्या रविवारीं त्याच ईर्षेनें उभें राहणें पगारानें विकत मिळत नाहीं. आपल्याकडे तर सून घरांत येऊन सहा महिने होत नाहींत तोंच तिच्या हातास चव नाहीं असा निकाल लागतो, आणि नव्या शाळेंत गेलेल्या मुलाचें पहिलें प्रगतिपुस्तक त्याच्या जन्माची कुंडली ठरतें. हातीं कसलीं भांडीं दिलीं होतीं, हें कोणी विचारीत नाहीं.

दुसऱ्या वर्षींहि आणखी बारा पराभव झाले; एकंदर सव्वीस. अखेर ११ डिसेंबर १९७७ रोजीं न्यू ऑर्लिन्स येथें ३३-१४ असा पहिला विजय मिळाला, आणि परतलेल्या संघाच्या स्वागतास हजारों लोक जमले. पुढच्याच आठवड्यांत घरच्या मैदानावर दुसराहि मिळाला. १९७९ सालीं, म्हणजे चौथ्याच हंगामांत, हा संघ आपल्या विभागांत पहिला आला व अंतिम सामन्याच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन पोंचला. तेथें लॉस एंजेलिसच्या संघानें त्यांस ९-० असें अडविलें.

ली रॉय शेवटपर्यंत त्याच संघांत खेळला. पाठीच्या दुखण्यानें खेळ सुटला तरी त्यानें टँपा सोडलें नाहीं. तेथेंच नोकरी केली, आणि २०११ सालीं तेथेंच वारला. शहरांतील एका हमरस्त्यास आज त्याचें नांव आहे.