निश्चल भूमीचा प्रवास

कांहीं देश असे आहेत कीं, तेथें जाण्यास आगगाडी लागत नाहीं, परवाना लागत नाहीं आणि परत आल्यावर वळकटी सोडण्याचाहि त्रास पडत नाहीं. रात्रीं दिव्यापाशीं बसून पुस्तक उघडलें कीं प्रवास सुरू होतो. अशाच एका देशांत आज वाचकांना घेऊन जावयाचें योजिलें आहे. त्याचें नांव ‘स्टिलनेस’, म्हणजे निश्चल भूमि. अमेरिकन लेखिका एन. के. जेमिसिन यांनीं ‘द फिफ्थ सीझन’ (२०१५), ‘द ओबेलिस्क गेट’ (२०१६) व ‘द स्टोन स्काय’ (२०१७) या तीन कादंबऱ्यांत तो वसविला. अद्भुत वाङ्मयासाठीं दिलें जाणारें ह्यूगो पारितोषिक या तिन्ही ग्रंथांना २०१६ ते २०१८ अशीं लागोपाठ तीन वर्षें मिळालें. सलग तीन वर्षें कादंबरीसाठीं हा मान त्यापूर्वीं कोणासहि लाभला नव्हता.

नांव निश्चल, पण ही भूमि घडीभर स्वस्थ नाहीं. एकच अफाट खंड आणि त्याच्या पोटांत अखंड धुमसणारा कोप. आपण पृथ्वीला माता म्हणतों आणि सकाळीं तिच्यावर पाय ठेवण्यापूर्वीं तिची क्षमा मागतों. तेथील लोक तिला पिता म्हणतात, आणि तोहि मायाळू नव्हे. माणसांनीं त्याच्या एकुलत्या एका अपत्याचा घात केला म्हणून तो सूड घेत आहे, अशी त्यांची पुराणकथा आहे. संतापाच्या भरांत त्यांच्या तोंडून जी शिवी निघते, तीहि या दुष्ट पृथ्वीच्याच नांवानें.

चार ऋतूंखेरीज या देशाला एक पांचवा ऋतु आहे. धरणी उलली, ज्वालामुखी फुटला, राखेनें सूर्य झांकला, म्हणजे तो सुरू होतो. निदान सहा महिने हिवाळा टिकला तरच सरकारी दप्तरांत त्याला ‘ऋतु’ म्हणावयाचें. कित्येकदां मात्र तो वर्षानुवर्षें हटत नाहीं. तो केव्हां येईल याचें पंचांग नाहीं, म्हणून रोजचें जगणें त्याच्याच धाकानें बेतलेलें असतें. घरोघर एक झोळी तयार भरून ठेवलेली असते. जमीन हादरली कीं ती उचलून पळावयाचें. गांवाला तट, तटाच्या आंत कुलुपबंद कोठार आणि वेळप्रसंगीं पेरण्यासाठीं राखलेली मोकळी जमीन. समुद्रकांठीं घर बांधणाराला लोक अविचारी समजतात, कारण लाट केव्हां येईल याचा नेम नाहीं. अनोळखी माणसें बोलणीं करण्यास बसलीं तर ‘सेफ’ नांवाचें एक पेय पुढें येतें. त्यांत कांहीं परकें मिसळलें असल्यास त्याचा रंग पालटतो. आतिथ्याच्या पेल्यांतहि विषाची परीक्षा! पाळीव जनावरेंहि विश्वासाचीं नाहींत. ‘किर्खुसा’ नांवाचा एक प्राणी राखणीसाठीं बाळगतात. एरवीं तो झाडपाला खातो, पण ऋतु आला कीं तोच मांसभक्षक होतो.

माणसांचीं नांवें पाहिलीं तर आपल्या लोकांना नवल वाटेल. पहिलें नांव स्वतःचें, दुसरें उपयोगाचें, तिसरें गांवाचें. आपल्याकडील ‘कर’ लावून होणाऱ्या आडनांवांशीं या तिसऱ्या नांवाचें थोडें साम्य दिसतें. फरक हा कीं, आपलें आडनांव गांव सुटलें तरी सुटत नाहीं, तेथें मात्र गांवानें नाकारलें कीं नांव गेलें आणि कोठारांतला वांटाहि गेला. उपयोगाचें नांव मुलाला बापाकडून व मुलीला आईकडून मिळतें. असे वीस वर्ग मान्य आहेत, पैकीं सात प्रचारांत आहेत: कोणी ओझीं वाहावीं व तट राखावा, कोणी दुखणाईतांची शुश्रूषा करावी व मेलेल्यांची व्यवस्था लावावी, कोणी युक्त्या शोधाव्या, कोणी हुकूम सोडावे. कोठारांतलें धान्य मोजण्याची वेळ आली म्हणजे प्रत्येकाचा उपयोगहि त्याच मापानें मोजला जातो.

इतकें सर्व व्यवस्थित वाटतें, आणि दूरदर्शीपणाचेंहि. परंतु या देशांतली खरी भीति निराळीकडेच आहे. मूठभर माणसें तेथें एक विलक्षण शक्ति घेऊन जन्मास येतात. त्यांना ‘ओरोजीन’ म्हणतात. जमिनीच्या पोटांतील हालचाल त्यांना आवरतां येते. आणि चित्त क्षुब्ध झालें तर नकळत उठवतांहि येते. ती शक्ति वापरतांना भोंवतालची उष्णता तीं ओढून घेतात, त्यामुळें जवळचा मनुष्य थिजून मरण्याचें भय असतें. साऱ्या देशाचा आधार हीं माणसें. आणि साऱ्या देशाचा द्वेष त्यांच्याच वांट्यास. सांपडलेल्या मुलांना राजधानींतील ‘फल्क्रम’ नामक संस्थेंत नेऊन कडक शिस्तींत वाढवितात. जीं तेथवर पोंचत नाहींत, त्यांना पुष्कळदां घरचींच माणसें संपवितात.

कथेची नायिका एसुन एका लहान गांवांत मुलांना शिकविते. आपली शक्ति तिनें वर्षानुवर्षें नवऱ्यापासूनहि लपविलेली असते. एके दिवशीं ती घरीं येते तों नवऱ्यानें धाकट्या मुलाला मारून टाकलेलें आणि मुलीला घेऊन तो नाहींसा झालेला. मुलगा आपल्या आईवर गेला होता, एवढाच त्याचा अपराध. हा बाप राक्षस नव्हे, गांवांतला सरळमार्गी गृहस्थ आहे. लहानपणापासून त्याला जें शिकविलें तेंच त्यानें केलें. वाचकाच्या मनास हेंच अधिक लागतें.

याहून करुण स्थळ पुढें आहे. भूकंप थोपविण्यासाठीं देशभर ठाणीं आहेत. अशा एका ठाण्यांत दोन ओरोजीन प्रवासी शिरतात आणि त्यांना खुर्चीला जखडलेल्या एका लहान मुलाचें शव दिसतें. त्याची इच्छाशक्ति शस्त्रक्रियेनें काढून घेतलेली. उरली होती ती फक्त जमीन आवरण्याची उपजत प्रेरणा. लोक निश्चिंत झोंपावेत म्हणून कोण जागें होतें, हें त्या ठाण्याबाहेर कोणी विचारलेलें नसतें. पुढें या दोघांपैकींच एक जण त्या खंडाला चीर पाडतो. ज्या हातांनीं धरणी सांवरली, तेच हात शेवटीं ती फाडतात.

संकटासाठीं सांठवण करणें यांत दोष नाहीं. आगोटीपूर्वीं बेगमी करणाऱ्या घरांतल्या कोणाला तें सांगावयास नको. प्रश्न आहे तो मापाचा. एके काळीं आपल्याच वाड्यांतून एखादी विधवा आत्या पहाटेपासून चुलीपाशीं राबत असे. घर तिच्यावर चाले, पण शुभकार्यांत तिची सांवलीहि नको असे. तिच्या हातच्या अन्नावर वाढलेल्यांपैकीं किती जणांनीं तिचें नांव राखलें? निश्चल भूमि कल्पनेंतली खरी. परंतु घर ज्याच्या खांद्यावर उभें आहे त्यालाच अपशकुनी ठरविण्याची रीत कल्पनेंतली नव्हे. भूकंपानें पडलेलें घर पुन्हां बांधतां येतें. ज्याला उंबरठ्याबाहेर ठेवून तें सुरक्षित केलें, त्याला परत आंत कसें बोलवावें, याची विद्या त्या देशाच्या शिळांवर कोरलेल्या वचनांत कोठेंहि सांपडत नाहीं. ती ज्यानें त्यानें आपल्या घरींच शिकावयाची असते.