मायेचे माप

आईपासून दुरावलेले पिलू नव्या घरी आले की बहुधा त्याचे पोट बिघडते. जागा नवी, माणसे नवी, अन्न नवे. त्या इवल्या जिवाची भीती पोटातून व्यक्त होते. दोन महिन्यांचा मोती आमच्या घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याला जुलाब सुरू झाले. शेजारच्या मावशी मायेने वाटीभर दूध घेऊन आल्या. पण गाईचे दूध पुष्कळ पिलांना पचत नाही. जुलाब अधिकच वाढतात. त्या दुधाचा मी मावशींना चहा करून दिला.

पशुवैद्यांनी सांगितलेले पथ्य साधे होते: मऊ भात आणि उकडलेल्या कोंबडीचे मांस, हाडे व मीठमसाला वगळून, दिवसातून ४-५ वेळा थोडे थोडे. पिण्याचे पाणी सदैव जवळ. इतक्या लहान पिलाला उपाशी ठेवू नये, कारण त्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते. माणसांची औषधे तर देऊच नयेत. पोट सावरल्यावर नेहमीचे खाद्य हळूहळू मिसळावे.

मात्र जुलाबात रक्त दिसले, वांती थांबेना, पिलू मलूल झाले, तर क्षणाचाही विलंब नको. १९७८ साली जगाला ज्ञात झालेला पार्व्हो विषाणू लस न टोचलेल्या पिलाचा २-३ दिवसांत बळी घेऊ शकतो.

तिसऱ्या दिवशी मोतीने शेपूट हलवली. मुक्या जिवाच्या पानात मायाही मापानेच वाढावी लागते.